फ्रिजचे दार

नवा फ्रिज गुरुवारी येणार आणि जुना त्याच टेम्पोतून परत जाणार, ही बातमी दादांनी जेवताना दिली. त्यावर वहिनींना आनंद व्हावा आणि तो पाहून दादांना व्हावा, असा बेत होता. वहिनींचा आनंद ठरल्याप्रमाणे झाला. दादांचा व्हायच्या आत त्यांच्या धाकट्या भावाने हातातला घास ताटात परत ठेवला.

"गुरुवारी नको," तो म्हणाला.

"का? तुला काय होतंय गुरुवारी?"

"अजून एक गाणं राहिलंय."

दादांनी बायकोकडे पाहिले. "फ्रिजचा आणि गाण्याचा काय संबंध?"

"तुम्ही रविवारी दिवसभर बाहेर असता, म्हणून विचारताय," वहिनी म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

धाकट्याला वहिनी भाऊजी म्हणत. त्यांचे ऐकून त्याचे मित्रही म्हणू लागले, आणि आता चष्म्याच्या दुकानातले मालकसुद्धा म्हणत. दिवसभर भाऊजी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत आणि "हे बरं की आधीचं?" असे विचारत. संध्याकाळी ते गिटार घेऊन बसत आणि प्रत्येक ओळ दोनदा वाजवून तेच विचारत. त्यांच्या बँडचे नाव 'उरलंसुरलं'. एके काळी तो सात जणांचा होता आणि नाव भारदस्त होते. लग्ने, बदल्या आणि एक भांडण यांतून तिघे उरले, तेव्हा त्यांनी परिस्थिती मान्य करून नाव बदलले आणि पहिला अल्बम करायला घेतला.

दुसरा उरलेला म्हणजे बारक्या. तो दारातून अंग तिरके करून आत येई. तो बेस गिटार वाजवी, आणि त्याचा कान इतका तयार होता की शेजारच्या घरातले भांडे पडले तर त्याचा सूर सांगे. तिसरे मास्तर. शाळेत गणित शिकवीत आणि ड्रम वाजवीत. दोन्हीकडे त्यांचा चेहरा सारखाच असे.

स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता, म्हणून ड्रम मास्तरांच्या शाळेतल्या रिकाम्या वर्गात वाजवून झाले आणि बाकीचे सगळे दादांच्या दिवाणखान्यात करायचे ठरले. स्वयंपाकघर लहान असल्यामुळे फ्रिज दिवाणखान्यातच होता. तो गुणगुणायचा. पहिल्या रविवारी भाऊजींनी त्याची वायर काढून ठेवली, गाणे एकदा करून पाहिले, आणि वायर परत लावायची राहिली. सोमवारी सकाळी वहिनींनी दुधाचे पातेले आणून भाऊजींच्या गिटारशेजारी ठेवले. दुपारपर्यंत ते पातेले तिथेच होते.

"फ्रिज बंद होणार नाही," त्या संध्याकाळी एवढेच म्हणाल्या.

तेव्हा बारक्याने मार्ग काढला. "तो गप्प बसत नाही ना? मग आपणच त्याच्या सुरात जाऊ. गिटारी त्याच्यावर लावायच्या. मग त्याचा आवाज गाण्यातच मुरेल. वेगळा ऐकूच येणार नाही."

गिटारी फ्रिजवर लावल्या गेल्या. फ्रिजचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडत होता, त्यामुळे पाहुणा म्हणून बोलावलेला कीबोर्डवाला "मी काय फटीत बोट घालून वाजवू?" असे विचारून निघून गेला. पण एक अनपेक्षित फायदा झाला. गाताना भाऊजी फ्रिजच्या कडेला पाठ टेकून उभे राहिले, दुधावर नजर ठेवून वहिनी शेजारीच शेंगा सोलत बसल्या, आणि भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा सुरात गायले.

हे साधे नव्हते. शाळेत समूहगीताच्या बाईंनी भाऊजींना सांगितले होते, "तू फक्त ओठ हलव, बाळ." गाणी तेच लिहीत, चालीही तेच लावीत, पण सातांच्या बँडमध्ये गायला नेहमी दुसरा कोणीतरी असे. उरलेल्या तिघांत बारक्याचा आवाज देहाच्या मानाने फारच बारीक होता आणि मास्तर गात नसत. म्हणून भाऊजींच्या वाट्याला गाणे आले होते. ते आपल्याला जमणार नाही, हे त्यांना मनातून ठाऊक होते. आणि आता ते जमत होते.

"पाठीत सूर येतो," ते बारक्याला म्हणाले. "मणक्यातून वर. मला काही करावंच लागत नाही."

एकच अडचण होती. फ्रिज पुरेसा गार झाला की त्याचा कॉम्प्रेसर थांबे, आणि नेमका कडव्याच्या मध्यावर थांबे. दार थोडे उघडे ठेवले तर तो चालू राही. तिघांचेही हात गुंतलेले, दोघांचे गिटारीत आणि मास्तरांचे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात. मास्तरांनी दारात चप्पल अडकवून पाहिली. वहिनींनी ती पाहिली.

"खाण्याच्या फ्रिजात चप्पल," त्या म्हणाल्या. "व्हा बाजूला. मी धरते. चार बोटं उघडं राहील, त्याहून जास्त नाही. आणि गाणं संपलं की लगेच बंद."

तेव्हापासून दर रविवारी वहिनी स्वेटर घालून फ्रिजचे दार धरून उभ्या राहू लागल्या. एका बाजूला भाऊजी पाठ टेकून, एका कानाला हेडफोन लावलेला, दुसरा मोकळा. त्यांच्याशी काटकोनात वहिनी, दार चार बोटे उघडे, नजर दुधावर. मधे एक रविवार त्या माहेरी गेल्या होत्या. त्या दिवशी दार मास्तरांनी धरले आणि एकही ओळ धड झाली नाही. विजेचा दाब कमी होता, असे सगळ्यांचे मत पडले. पुढच्या रविवारी दाब सुधारला.

अशी सात गाणी झाली होती आणि आठवे, ज्याचे नाव अल्बमला द्यायचे होते, ते राहिले होते.

"वहिनी, फक्त रविवारपर्यंत," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, या फ्रिजात मागे ठेवलेल्या काकडीचा दगड होतो आणि पुढे ठेवलेल्या लोण्याचं तेल. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मधली जागा शोधतेय. तुम्हाला त्यात सूर सापडला, मला काकडी सापडली नाही."

"दुकानवाले रविवारी आणणार नाहीत का?"

"जुना दिला तर नव्यावर सूट, आणि ती या गुरुवारपर्यंतच आहे," दादा म्हणाले. "आणि नव्यापुढे गा की. तो चांगला महाग आहे."

गुरुवारी दोन माणसे आली, नवा ठेवला, जुना उचलला. भाऊजी दुकानातून सुटी काढून आले होते. जिन्यावरून फ्रिज खाली जाताना ते "सांभाळून, सांभाळून" म्हणत मागोमाग उतरले. उचलणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आत काही राहिलंय का रे यांचं?"

रविवारी नव्यापुढे गाणे लावले. नवा फ्रिज आवाज करीत नसे; वहिनींनी तो त्यासाठीच निवडला होता. भाऊजी पाठ टेकून उभे राहिले, तर पाठीत काही आले नाही. दार उघडून पाहिले, तर काही क्षणांतच फ्रिज टुणटुण वाजू लागला.

"दार उघडं राहिलं की तो आठवण करून देतो," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "आता धरायला माणूस नको." आणि त्या आत जाऊन, कितीतरी रविवारांनी, दुपारच्या झोपल्या.

भाऊजी गायले. बारक्याने पहिल्याच ओळीला डोळे मिटले, आणि ते आनंदाने नव्हे.

"कसं वाटलं?"

"शब्द चांगलेत."

मास्तरांनी उपाय सुचवला. आधीच्या गाण्यांच्या आरंभी फ्रिजचा नुसता आवाज थोडा थोडा ध्वनिमुद्रित झालेला होता. तो जोडून लांब केला आणि भाऊजींच्या हेडफोनमध्ये सोडला. भाऊजी पुन्हा गायले. या वेळी बारक्या पाणी प्यायला उठून गेला आणि बराच वेळ पीत राहिला.

"हे फोटोला टेकण्यासारखं आहे," भाऊजी म्हणाले. "मला तोच फ्रिज पाहिजे."

दादांनी दुकानात फोन केला. असे काही विचारणारे ते पहिलेच गिऱ्हाईक असावेत, कारण फोन तीन माणसांच्या हातांतून फिरला आणि प्रत्येकाला दादांनी पहिल्यापासून सांगितले. शेवटी कळले की जुने फ्रिज गावाबाहेरच्या गोदामात जातात, तिथे ते लावून तपासतात आणि चालू निघाले तर पुढे विकतात.

पुढच्या रविवारी तिघे सामान घेऊन गोदामात पोचले. गोदामवाला स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने गिटारी पाहिल्या, बारक्याला पाहिले आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

"फ्रिज न्यायचा नाही?"

"नाही. फक्त त्याला टेकून गायचंय."

"टेका," गोदामवाला म्हणाला. "माझं काय जातंय."

आत फ्रिजांच्या रांगाच रांगा होत्या, आणि त्यांतले निम्मे तपासणीसाठी चालू होते. बारक्या दाराशीच थबकला. सगळे एकाच सुरात गुणगुणत होते.

"वीज एकच, मग सूरही एकच," मास्तर म्हणाले. "म्हणजे कोणताही चालेल."

"कोणताही नाही," भाऊजी म्हणाले आणि आपला शोधू लागले. तो मागच्या रांगेत निघाला. त्याच्या कोपऱ्यावर दादांनी घर बदलताना पाडलेला पोचा होता. भाऊजींनी पाठ टेकली. पाठीत ओळखीची थरथर आली आणि त्यांचा चेहरा उजळला. दार गोदामवाल्याने धरले. मास्तरांनी यंत्र सुरू केले.

गाणे संपले तेव्हा गोदामवाला सगळ्यांत आधी बोलला. "हेच गाणं आहे का अजून तयारी चाललीय?"

पुन्हा घेतले. दुसऱ्यांदा पहिल्याहून वाईट झाले. तिसऱ्यांदा भाऊजी मधेच थांबले, गिटार गळ्यातून काढली आणि शेजारच्या आडव्या ठेवलेल्या फ्रिजवर बसले.

"मला येतच नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं. इतके दिवस कसं काय निभावलं कोण जाणे. बाई म्हणाल्या होत्या तेच खरं होतं. सात गाणी झालीत, तेवढीच काढू या. आठवं बारक्या गाईल."

"मी गायलो तर लोक लहान मुलाचा अल्बम समजतील," बारक्या म्हणाला.

"मग नकोच काढायला."

गोदामातले फ्रिज आपल्या सुरात चालू होते. मास्तरांनी खिशातला खडू काढून बोटांत फिरवायला सुरुवात केली. विचार करताना त्यांना खडू लागे.

"एक एक धरू," ते म्हणाले. "फ्रिज तोच. गाणं याचंच. गिटार तीच. दार तेवढंच उघडं. गाणारा दुर्दैवाने तोच. बदललंय काय?"

"जागा," बारक्या म्हणाला.

"जागा बदलली म्हणून घुमारा बदलेल, सूर नाही बदलणार. आणि घरी, नव्या फ्रिजपुढेही हेच झालं. त्याआधी एकदा झालं होतं, विजेचा दाब कमी होता तेव्हा." खडू थांबला. "तेव्हा दार मी धरलं होतं."

तिघांनी गोदामवाल्याकडे पाहिले. त्याने दारावरून हात काढला.

"दार धरण्यात असं काय आहे?" भाऊजी म्हणाले.

"मला काय माहीत. पण बदललंय तेवढंच. वहिनींना बोलाव."

वहिनी आल्या त्या, त्या रविवारी नेमके घरी असलेल्या दादांच्या स्कूटरवर मागे बसून, हातात स्वेटर घेऊन, रागावून. "झोपेतून उठवलंत," त्या म्हणाल्या. "घरी नवा फ्रिज आणि मी गोदामात जुन्याचं दार धरायला. लोकांना सांगितलं तर विश्वास नाही बसायचा." मग त्यांनी गोदामवाल्याने पुन्हा धरून ठेवलेले दार पाहिले. "अहो, असं ताणून काय धरलंय? बिजागऱ्या निघतील. व्हा बाजूला."

त्यांनी स्वेटर घातला, दार चार बोटे उघडे केले आणि सवयीने आत डोकावून पाहिले. आत दूध नव्हते, तरी पाहिले. भाऊजींनी पाठ टेकली. बारक्याने दोन्ही कानांना हेडफोन लावले.

गाणे पहिल्या ओळीपासून सरळ गेले. वर जायचे तिथे गेले, खाली यायचे तिथे आले. स्कूटरशेजारी उभे असलेले दादा आत येऊन उभे राहिले. दुसऱ्या कडव्याशी बारक्याने मान वर केली, हेडफोन कानांवर दाबून धरले आणि वहिनींकडे टक लावून पाहत राहिला. वहिनी फ्रिजमधल्या रिकाम्या जाळीकडे पाहत होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"झालं?" गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या आणि दार बंद केले. "चला हो. मी अर्धी झोप घरी टाकून आलेय."

स्कूटर गेल्यावर बारक्याने हेडफोन भाऊजींच्या डोक्यावर चढवले. "तुझा आवाज सोड. त्याच्या मागचं ऐक."

भाऊजींनी ऐकले. त्यांच्या स्वतःच्या आवाजामागे, फ्रिजच्या घुंघुंमध्ये मिसळून, एक बाई मिटल्या ओठांनी गुणगुणत होती. चाल तीच. आणि प्रत्येक सुरावर ती भाऊजींच्या अगदी किंचित आधी पोचत होती.

घरी येऊन त्यांनी उरलेली सातही गाणी तशी ऐकली. सातांतही ती होती.

"म्हणजे मी फ्रिजला टेकून गात नव्हतो," भाऊजी हेडफोन काढून म्हणाले.

"टेकला फ्रिजलाच होतास," बारक्या म्हणाला. "गात वहिनींच्या मागून होतास. मोकळा कान त्यांच्याकडे."

दादांना विचारले, तेव्हा त्यांना यात काही विशेष वाटले नाही. "ती गुणगुणतेच. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. हात कशात तरी अडकलेला असला की चालू. मी इतकी वर्षं तिच्या गुणगुणण्यावर दाढी करतोय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आणि वहिनींना?"

"छे. एकदा मी म्हटलं, छान गातेस, तर म्हणाली, मी कुठे गातेय. आणि मग आठवडाभर घरात चिडीचूप. माझ्या गालावर तेवढ्यात दोन जखमा झाल्या."

यावर तिघांची गंभीर बैठक झाली आणि एकमताने ठरले की वहिनींना काहीही सांगायचे नाही. सांगितले तर त्या लाजतील, लाजल्या तर गप्प होतील, आणि गप्प झाल्या तर भाऊजी पुन्हा ओठ हलवायला मोकळे. गाण्यांतले गुणगुणणे काढायचे का, असे अल्बमचे ध्वनिमिश्रण करणाऱ्याने विचारले तेव्हा बारक्या त्याच्यासमोर उभा राहिला आणि नाही म्हणाला. अल्बमच्या आतल्या पानावर सगळ्यांची नावे छापली, आणि शेवटी 'फ्रिजचे दार: वहिनी' असे घातले. वहिनी ते वाचून म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं," आणि दुसऱ्या दिवशी अल्बमच्या प्रती आपल्या ऑफिसात घेऊन गेल्या.

मग प्रकाशनाचा कार्यक्रम आला. छोटे सभागृह, ओळखीची माणसे, आणि मंचावर प्रत्यक्ष गायचे. मंचावर वहिनींना काय सांगून उभे करायचे, याला एकच उत्तर होते. गोदामवाल्याने फ्रिज परत दिला आणि तो पोचवायला स्वतःही आला. "माझा पण थोडा हात लागलाय त्याला," तो म्हणाला. चौघांनी मिळून फ्रिज मंचावर चढवला.

"अहो, लोकांसमोर?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि वर तो स्वेटर. "फ्रिजशिवाय नाहीच का जमत भाऊजींना?"

"नाही जमत," बारक्या म्हणाला. ते अगदीच खोटे नव्हते.

पडदा उघडला. टाळ्या झाल्या, आणि फ्रिज पाहून थोड्या थांबल्या. भाऊजींनी कडेला पाठ टेकली. वहिनींनी दार चार बोटे उघडले आणि आत डोकावल्या. आत दिवा लागला नाही. त्यांनी फ्रिजच्या मागे पाहिले. वायर गुंडाळून फ्रिजवरच ठेवलेली होती. मंचावर तिच्यासाठी सॉकेटच नव्हते आणि ती लावायची आठवण कोणालाही झाली नव्हती.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "हा चालूच नाहीये."

"असू दे, वहिनी."

"असू दे काय? मग मी दार कशाला धरलंय?"

भाऊजींनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी आपल्या काठ्यांकडे पाहिले. समोर लोक थांबले होते. भाऊजींना खोटे सुचेना, त्यामुळे त्यांनी खरे सांगितले.

"तुम्ही दार धरलं की गुणगुणता. आणि तुम्ही गुणगुणलात की मला सूर सापडतो. फ्रिजचा त्यात काही हात नाही. आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही गप्प व्हाल म्हणून घाबरलो."

वहिनी काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. बारक्याने मनातल्या मनात आठही गाणी स्वतःच्या आवाजात गाऊन पाहिली आणि हबकला.

"म्हणजे," वहिनी म्हणाल्या, "इतके रविवार मी उगीचच गारठले?"

"हो."

त्यांनी फ्रिजचे दार लावले. स्वेटर काढला, नीट घडी करून फ्रिजवर ठेवला, आणि मोकळ्या हातांचे काय करावे ते न सुचून भाऊजींच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ करू लागल्या. मास्तरांनी काठ्या वाजवून ताल दिला. कॉलर सरळ झाली तरी वहिनींचे हात तिथेच होते, आणि गाणे सुरू व्हायच्या अगदी किंचित आधी सूर आला.